पँझर ४ रंगवताना: प्रायमरपासून चिखलापर्यंत

प्लास्टिकच्या मॉडेल रणगाड्यांचे महिन्याकाठी एक-दोन तरी फोटो माझ्याकडे येतात. रणगाडा नीट जोडलेला असतो, रंग चांगले असतात, आणि तरी मॉडेल बघवत नाही. कुठे वॉशखालचा (खाचा गडद करणाऱ्या पातळ रंगाखालचा) रंग विरघळून चिकट झालेला, कुठे आकड्याच्या डिकलभोवती (पाण्यात सुटणाऱ्या छापील चित्राभोवती) पांढुरकी चकाकी, कुठे गंज इतका की गाडी भंगारवाल्याकडून उचलून आणली असावी. सोबत ठरलेला प्रश्न: "हात बसायला अजून किती वर्षं लागतील?" हाताचा दोष क्वचितच असतो. चुकतो तो क्रम, आणि दोन टप्प्यांमध्ये जी उसंत द्यायची ती कुणी देत नाही.

उदाहरणाला १/३५ मापाचा पँझर ४, आउसफ्युरुंग (म्हणजे आवृत्ती) एच, हा दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा घेतला आहे. १९४३ च्या उन्हाळ्यात कारखान्यातून निघालेला, पूर्व आघाडीवर धूळ खाल्लेला, बाजूंना श्युर्त्सन, म्हणजे पातळ पत्र्याचे संरक्षक पडदे, लटकवलेला. शिकायला ही गाडी उत्तम, कारण तिच्यावर सगळंच आहे: जाड कवच, पातळ पत्रा, रबराची चाकं, उघडे लोखंडी ट्रॅक, लाकडी दांड्याची अवजारं आणि मागे भलामोठा सायलेन्सर. प्रत्येक वस्तू वेगळ्या तऱ्हेने मळते.

## सुरुवातीआधी: दोन हिशेब

पहिला हिशेब मापाचा. खरी गाडी तोफेसकट ७.०२ मीटर लांब, म्हणजे तुमच्या टेबलावर साधारण २० सेंटिमीटर. मॉडेलवरचा १ मिलिमीटर खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटर होतो. हे एका चिठ्ठीवर लिहून दिव्याला चिकटवा. मडगार्डवर ३ मिलिमीटरचा टवका काढलात तर खऱ्या गाडीचा तळहाताएवढा रंग उडाला. हँडलवर, झाकणाच्या कडेवर, बोल्टशेजारी तेवढा उडतो का? ज्याने हे गणित एकदा केलं त्याचे टवके आपोआप लहान होतात.

दुसरा हिशेब द्रावकाचा. रंगवण्याचा क्रम यावर ठरतो. खालचा थर कणखर हवा, वरचा सौम्य. तळाला लॅकर प्रायमर, त्यावर अल्कोहोलवर चालणारा ॲक्रिलिक, त्यावर ॲक्रिलिक वॉर्निश, त्यावर व्हाइट स्पिरिटमध्ये कालवलेला तेलरंग किंवा इनॅमल, आणि शेवटी कोरडी पूड. प्रत्येक थराचं द्रावक खालच्या थराला न विरघळवणारं असलं की चुकलेला थर पुसून पुन्हा करता येतो. उलट, तेलरंगाच्या वॉशवर लॅकर वॉर्निश मारलंत तर आठवड्याची मेहनत सुरकुतते.

> सावधान: हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर स्वस्त असतं आणि एअरब्रशचे (रंग फवारणाऱ्या पेनचे) धातूचे भाग धुवायला छान आहे. ते मॉडेलच्या रंगात घालू नका. पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं.

रंगसंगतीपुरता इतिहास एवढाच: फेब्रुवारी १९४३ च्या आदेशाने जर्मन रणगाड्यांचा मूळ रंग गडद राखाडीऐवजी डुंकेलगेल्ब, म्हणजे मातकट पिवळा झाला. हिरवा आणि लालसर तपकिरी हे रंग घट्ट लगद्याच्या रूपात तुकड्यांना मिळत, आणि तिथेच पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये पातळ करून फवारले जात. जितकं पातळ तितका फिका. त्यामुळे "हा हिरवा बरोबर का?" यावर रात्र घालवू नका. एका गाडीवरही तो सगळीकडे सारखा नसायचा. मात्र १९४२ ची गाडी तीन रंगांत रंगवलीत तर ती चूकच.

## टप्पा १: जोडणी, पण अर्धीच

स्प्रूसकट, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यासकट, सगळे भाग भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवा. साच्यातून सुटायला लावलेला तेलकट थर भागांवर राहिलेला असतो आणि त्यावर रंग धरत नाही.

मग जोडा, पण हे वेगळं ठेवा: रोड व्हील्स, ट्रॅक, श्युर्त्सनचे पत्रे, सायलेन्सर, आणि शक्य असेल तर कुऱ्हाड-फावड्यासारखी अवजारं. पँझर ४ ला एका बाजूला आठ चाकं, शिवाय वर चार छोटी. ती चिकटवून मग रबर रंगवायला बसलात तर पहिल्याच चाकाला कंटाळा येईल. प्रत्येक चाक टूथपिकवर खोचा आणि थर्माकोलच्या तुकड्यात उभं करा.

तोफेची नळी दोन अर्ध्या भागांची असेल तर सांध्यात लांबी भरा आणि ६०० व मग १००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून घासा. घासताना नळी बोटांत फिरवत राहा, नाहीतर ती गोल न राहता चपटी होते. चाकांच्या रबरावरून जाणारी साच्याची रेघही इथेच काढा, पुढे ती वॉशने ठळक होते.

सप्टेंबर १९४३ नंतरची गाडी करत असाल तर झिमेरिट, म्हणजे चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून लावलेला खडबडीत लेप, याच टप्प्यात पुट्टीने करायचा. सप्टेंबर १९४४ मध्ये तो लावणं थांबलं. आपली गाडी त्याआधीची असल्याने सुटलो.

> तपासा: खोली अंधारी करून टॉर्च मॉडेलला जवळजवळ समांतर धरा. न बुजलेले सांधे, गोंदाचे ठसे, बोटांचे डाग, सगळं सावलीसकट दिसतं. प्रायमरनंतर दिसलं की चिडचिड होते, रंगानंतर दिसलं की रडू येतं.

## टप्पा २: प्रायमर

मी रेड ऑक्साइड रंगाचा लॅकर प्रायमर वापरतो. खिडकीच्या ग्रिलला तैलरंगाआधी जो गेरूसारखा हात मारतात, त्याचाच हा भाऊ. खऱ्या पँझरच्या पिवळ्याखालीही तांबूस प्रायमरच असे, म्हणून पुढे कुठे रंग घासला गेलाच तर आतून योग्य रंग डोकावतो.

एअरब्रशची सुई ०.३ मिलिमीटरची, दाब १५ ते २० पीएसआय, अंतर १० ते १२ सेंटिमीटर. पहिला हात नुसता धुक्यासारखा, पाच-सात मिनिटांनी दुसरा झाकणारा. स्प्रे कॅन वापरत असाल तर तो कोमट पाण्यात काही मिनिटं उभा करा, फवारा बारीक येतो. पाणी कोमटच, कढत नाही आणि गॅसवर तर कधीच नाही. पितळी भागांवर प्रायमर नसेल तर रंग नखाने निघतो.

खिडकी उघडी, पंखा बाहेर फेकणारा, आणि तोंडावर सेंद्रिय वाफा अडवणारा फिल्टर मास्क. कापडी मास्क धूळ थोडीफार अडवतो, लॅकरची वाफ अजिबात नाही. घरात लहान मूल असेल तर हे काम ते शाळेत गेल्यावर.

रात्रभर वाळू द्या.

## टप्पा ३: पिवळा रंग

तामिया कंपनीचा एक्सएफ-६०, म्हणजे गडद पिवळा, थेट बाटलीतून मारला तर लहान मॉडेलवर जड दिसतो. मी चार भाग एक्सएफ-६० मध्ये एक भाग एक्सएफ-५७, म्हणजे बफ, मिसळतो. रंग एक भाग, एक्स-२०ए थिनर दीड भाग. घनता कशी हवी? दही नको, पातळ ताक हवं. कपाच्या आतल्या कडेला ब्रशने वर ओढा. ते मागे पातळसा पडदा ठेवत एकसंध खाली उतरलं की झालं.

पहिल्या हातात लाल झाकायचा मोह होतो. तो आवरा. तीन-चार पातळ हात, प्रत्येकामध्ये काही मिनिटं. पत्र्याच्या मधोमध जास्त, कडा-कोपऱ्यांत कमी, म्हणजे खाचांमध्ये प्रायमरचा गडदपणा उरतो आणि सावली फुकट मिळते. शेवटी उरलेल्या रंगात पांढऱ्याचे चार थेंब टाकून वरच्या आडव्या पृष्ठभागांवर, टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या, छतावर आणि इंजिनच्या झाकणांवर, हलकं धुकं सोडा. ऊन तिथेच पडतं.

एक अनुभव सांगतो. एका ऑगस्टमध्ये, बाहेर धो धो पाऊस असताना, मी श्युर्त्सनवर शेवटचा हात मारत होतो. नळीत साठलेलं पाणी फुर्रकन बाहेर आलं आणि तिसऱ्या पत्र्यावर मसूरडाळीएवढे सात-आठ वळे उमटले. काँप्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप होता. तो रिकामा करायचा असतो हे मला माहीत होतं, केलं नव्हतं. पावसाळ्यात दर पंधरा मिनिटांनी ट्रॅपचं बटण दाबून पाणी काढा.

> तपासा: प्रत्येक नवं मिश्रण आधी प्लास्टिकच्या चमच्यावर. चमच्यावर खडबडीत पूड बसली तर तुम्ही लांबून मारताय किंवा रंग घट्ट आहे. कोळ्याच्या पायांसारखे ओघळ फुटले तर फार जवळ किंवा फार पातळ.

## टप्पा ४: हिरवा आणि तपकिरी पट्टे

श्युर्त्सन आता तात्पुरते चिकटमातीने जागेवर लावा. पट्टे पत्र्यांवरून सलग जायला हवेत. प्रत्येक पत्रा वेगळा रंगवून मग लावला तर कोडं चुकीचं जुळवल्यासारखं दिसतं. पत्र्यांमागची हलची, म्हणजे गाडीच्या धडाची, बाजू पिवळीच सोडा. पत्रे लटकलेले असताना रंग फवारणारा सैनिक तिथे कशाला पोचेल?

दाब १० ते १२ पीएसआयवर आणा, रंग एक भाग, थिनर दोन भाग, आणि सुई पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटरवर. आधी पट्ट्याची बाह्यरेषा काढा, मग आतून भरा. तपकिरीला एक्सएफ-६४, हिरव्याला एक्सएफ-५८ मध्ये थोडा पिवळा. कडेचा पसरट धूसर भाग दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नको. चिठ्ठीवरचा हिशेब लावा: २ मिलिमीटर म्हणजे ७ सेंटिमीटर, स्प्रेगनला तेवढं पुष्कळ झालं.

चुकलं तर थांबा, वाळू द्या, आणि पिवळ्याने कड मागे ढकला. ओल्यावर दुरुस्ती करू नका.

## टप्पा ५: चाकं आणि अवजारं

चाकांना युक्ती आहे. आधी पूर्ण चाक रबराच्या रंगात रंगवा: एक्सएफ-८५ किंवा एक्सएफ-६९, निव्वळ काळा नाही. मग गोल भोकांची प्लास्टिकची पट्टी घ्या, जी इंजिनिअरिंग ड्रॉइंगला वापरतात, चाकाच्या मापाचं भोक निवडा आणि त्यातून मधला भाग पिवळा मारा. सोळा जोड्या अर्ध्या तासात होतात.

अवजारांचे दांडे बफ रंगात. त्यावर बर्न्ट अंबर तेलरंग लावून कोरड्या ब्रशने लांबीच्या दिशेने पुसला की लाकडाचे तंतू दिसतात. लोखंडी पाती गडद राखाडी, चंदेरी नाही.

## टप्पा ६: चकाकी, मग डिकल

इथे घाई केली की ती शेवटपर्यंत दिसते. मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. डिकलखाली हवेचे बारीक कप्पे अडकतात आणि तीच ती पांढुरकी चकाकी. म्हणून आधी एक्स-२२ या चकचकीत वॉर्निशचे दोन पातळ हात, निदान डिकल येणार त्या जागी, आणि पूर्ण २४ तास थांबा.

डिकल कडेला जितकी कापता येईल तितकी कापा. पाण्यात दहा-पंधरा सेकंद, मग कागदावरच ठेवून सुटण्याची वाट पाहा. जागेवर आधी मार्क सेटर (डिकल धरून ठेवणारं द्रव), त्यावर डिकल सरकवा, ओल्या ब्रशने हवा बाहेर ढकला, पंधरा मिनिटांनी मार्क सॉफ्टर (डिकल मऊ करणारं द्रव). सॉफ्टर लावल्यावर डिकल सुरकुतते. घाबरून बोट लावाल तर फाटेल. तिला एकटं सोडा, तासाभरात ती ताणून बसते.

टरेटवरच्या तीन आकड्यांचा अर्थ माहीत असू द्या: पहिला कंपनीचा, दुसरा प्लाटूनचा, तिसरा त्यातल्या गाडीचा. दोन्ही बाजूंना वेगवेगळे आकडे लावलेली मॉडेल्स मी पाहिली आहेत.

> तपासा: डिकल पूर्ण वाळल्यावर तिरप्या उजेडात बघा. कुठे चांदी दिसली तर तिथे सुईने दोन-तीन टोचे आणि परत सॉफ्टर. आता नाही केलं तर वॉश त्या कडेत शिरेल.

शेवटी डिकलवर एक्स-२२ चा आणखी एक हात आणि रात्रभर विश्रांती.

## टप्पा ७: वॉश, पूर्ण गाडीवर नाही

सर्वात जास्त मॉडेल्स इथेच बिघडतात. वॉश म्हणजे रणगाड्याला तपकिरी पाण्याने आंघोळ घालणं नव्हे. ते फक्त खाचेत, बोल्टभोवती, बिजागरीच्या मुळाशी आणि वेल्डिंगच्या रेघेलगत जायला हवं.

कॅमलचा आर्टिस्ट प्रतीचा बर्न्ट अंबर आणि चिमूटभर काळा, कलासाहित्याच्या दुकानातलं व्हाइट स्पिरिट, प्रमाण साधारण एकास दहा. रंग कोऱ्या चहाइतका. पिवळ्यावर शुद्ध काळा वॉश टाकू नका, सगळं पेनने गिरवल्यासारखं दिसतं.

आता हात कसा चालतो ते जवळून पाहू. शून्य नंबरचा टोकदार ब्रश वॉशमध्ये बुडवून कपाच्या कडेला एकदा निपटा. इंजिनच्या झाकणाच्या एका कोपऱ्यात टोक नुसतं टेकवा. खालचा थर चकचकीत असल्याने वॉश स्वतःच खाचेतून धावत जातो, पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत. तुम्ही रेघ ओढायची नाही. बोल्टला बाजूने टेकवलं की एक बारीक काळसर अंगठी तयार होते. बाहेर सांडलेलं लगेच पुसू नका. वीस-पंचवीस मिनिटांनी, चकाकी जाऊन तो मंद दिसायला लागला की, व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा केलेला चपटा ब्रश वरून खाली फिरवा. लगेच पुसलं तर खाचेतलंही निघतं, दुसऱ्या दिवशी पुसलं तर डाग राहतो.

एका वेळी तळहाताएवढा भाग. मग ब्रश धुवा, चहा प्या. चहाचा कप आणि व्हाइट स्पिरिटचा कप एकाच टेबलावर ठेवू नका. ब्रश चहात बुडवणं ठीक, उलटं झालं तर दवाखाना.

> सावधान: नुसत्या प्लास्टिकवर, विशेषतः ताणाखाली असलेल्या भागांवर, व्हाइट स्पिरिट साचू देऊ नका. सस्पेन्शनचे हात आणि चाकांचे दांडे ठिसूळ होऊन तडकतात. रंग आणि वॉर्निश पोचलेलं नसेल तिथे वॉशही पोचू नये.

दोन दिवस वाळवा. त्यानंतर पाण्यावर चालणाऱ्या ॲक्रिलिक मॅट वॉर्निशचा पातळ हात. जुलै-ऑगस्टमध्ये दमट दिवशी हे काम टाळा. हवेतलं पाणी वॉर्निशमध्ये अडकून पांढरी साय धरते. खिडकीच्या काचेवर दव असेल त्या दिवशी वॉर्निशची बाटली उघडूच नका.

## टप्पा ८: टवके

टवका उडायला कारण लागतं. टरेटवर चढणारा माणूस बूट कुठे टेकतो? पुढच्या मडगार्डवर, मग हलच्या कडेवर. झाकण उघडताना हात कुठे घासतो? हँडलभोवती. फावडं काढताना लोखंड कुठे आपटतं? खुंटीशेजारी. तिथे टवके. कुणाचा हात पोचत नाही आणि फांदी लागत नाही अशा टरेटच्या मागच्या भिंतीच्या मधोमध, कशाला?

दोन पायऱ्यांत करा. आधी मूळ पिवळ्यापेक्षा फिका रंग, पिवळ्यात पांढरा मिसळून, टोकदार ब्रशने बारीक ओरखडे. हा फक्त वरचा थर खरवडल्याचा भास. मग काही निवडक ओरखड्यांच्या आत वालेहोचा काळसर तपकिरी, ७०.८२२, कडेला फिका काठ ठेवून. एवढ्याने टवक्याला खोली येते. ज्यांचे टवके वरून चिकटवल्यासारखे दिसतात त्यांनी हा फिका काठ ठेवलेलाच नसतो.

कडांसाठी स्पंजचा तुकडा चिमट्यात धरा, रंगात टेकवा, कागदावर जवळजवळ सगळा झटका, मग कडेला हलकेच टिपा. श्युर्त्सनवर हात थोडा सैल सोडायला हरकत नाही. अवघ्या ५ मिलिमीटर जाडीचे पत्रे, झाडाझुडपांत आपटून वाकायचे आणि गळूनही पडायचे. एखादा पत्रा मुद्दाम लावू नका, मागे रिकामी पट्टी दिसू द्या. शंभर टवक्यांपेक्षा एक गळालेला पत्रा जास्त सांगतो.

ठळक नारिंगी गंज जाड कवचावर नको. ही गाडी आघाडीवर काही महिने जगली तरी पुष्कळ. तेवढ्यात चिलखती पोलाद गंजून ओघळत नाही.

> तपासा: मॉडेल हातभर लांब धरा. पहिली नजर रणगाड्याच्या आकाराकडे गेली तर थांबा. टवक्यांकडे गेली तर तुम्ही आधीच पुढे गेला आहात, फिका पिवळा घेऊन निम्मे झाका.

## टप्पा ९: तेलरंगाचे ओघळ

तेलरंग नळीतून थेट पुठ्ठ्यावर काढा आणि तासभर ठेवा. पुठ्ठा जवसाचं तेल शोषून घेतो. तसं केलं नाही तर रंग आठवडाभर ओला राहतो आणि वाळल्यावर चकाकतो.

उभ्या भिंतींवर पांढरा, पिवळा गेरू आणि बर्न्ट अंबर यांचे सुईच्या टोकाएवढे ठिपके द्या, एका वेळी पाच-सहा. व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून निपटलेला चपटा ब्रश वरून खाली ओढा. पाणी जसं ओघळतं तशाच दिशेने, कुठेही तिरपं नाही. टरेट वेगळं ठेवून काम करत असाल तर ते सरळ धरलंय ना ते बघा. आडव्या लटकलेल्या टरेटवर केलेले ओघळ नंतर जमिनीला समांतर निघतात, आणि हे हसण्यावारी नेऊ नका, माझ्याकडूनच झालंय.

आडव्या भागांवर ओढायचं नाही, ब्रशच्या टोकाने टिपून विरवायचं. ओघळ जितका लांब तितका फिका. एका भिंतीवर दोन-तीन स्पष्ट, बाकीचे जेमतेम जाणवणारे.

## टप्पा १०: ट्रॅक आणि सायलेन्सर

पँझर ४ चे ट्रॅक ओतीव मँगनीज पोलादाचे, रबराचा पॅड नाही. गाडी रोज चालत असेल तर गंज टिकत नाही, घासून चकाकी येते. म्हणून पाया गडद तपकिरी-राखाडी, त्यावर मातीच्या रंगाचा वॉश, आणि शेवटी जमिनीला टेकणाऱ्या उंचवट्यांवर ६बी पेन्सिल आडवी घासा. आतल्या बाजूला मधल्या दातांच्या दोन्हीकडे, जिथून चाकं फिरतात, तिथेही. पुढच्या दातेरी चाकाच्या दातांवर ग्रॅफाइट विसरू नका. ट्रॅक चांदीसारखे आणि ते चाक कोरं पिवळं, हा विसंवाद लगेच डोळ्यात खुपतो.

गंजाची हौस सायलेन्सरवर भागवा. पातळ पत्रा सतत तापून रंग सोडतो. गडद तपकिरी, त्यावर स्पंजने दोन-तीन तांबूस छटा, ओलसर असतानाच गेरू रंगाची पूड, आणि नळीच्या तोंडाशी काजळी.

## टप्पा ११: धूळ आणि चिखल

यापुढे वॉर्निश नाही, हे आधी मनाशी ठरवा. मी एकदा पिगमेंट, म्हणजे रंगाची कोरडी पूड, सुंदर बसल्यावर "पक्कं करू या" म्हणून मॅट मारला. दोन दिवसांची धूळ दहा सेकंदांत नाहीशी झाली. नंतर कळलं की ती नाहीशी झाली नव्हती, ओली होऊन गडद झाली होती. परिणाम एकच.

खालून वर जायचं. आधी चाकं, हलचा खालचा भाग, मग मडगार्ड, सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी टरेट. रंगही तसाच: खाली गडद ओलसर माती, वर फिकी कोरडी धूळ. गेल्या आठवड्याचा वाळलेला चिखल आणि आजचा ओला एकाच छटेचे असत नाहीत.

धुळीसाठी पूड चिमटीतून रांगोळीसारखी कोपऱ्यांत सोडा. ब्रशला व्हाइट स्पिरिट घेऊन पुडीच्या शेजारी टेकवा, पुडीवर नाही. ते आपसूक शोषलं जातं. वाळल्यावर जास्तीची कोरड्या ब्रशने झाडा.

चिखलासाठी पूड, थोडं प्लास्टर ऑफ पॅरिस आणि पिगमेंट फिक्सर कालवून घट्टसर लगदा. जुन्या टूथब्रशचे केस बोटाने मागे ओढून शिंतोडे उडवा, बाकीचं मॉडेल कागदाने झाकून. हलच्या आतल्या बाजूला, चाकांच्या मागे, मडगार्डच्या पोटात जाड. बाहेर विरळ. इथे "अति तिथे माती" ही म्हण शब्दशः लागू होते: २ मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या गाडीवर ७ सेंटिमीटर, तो चाकांमध्ये साचेल, टरेटच्या भिंतीवर कधीच नाही. चाकांच्या रबराचा जमिनीला टेकणारा भाग ओल्या इअरबडने पुसून स्वच्छ करा, ट्रॅकवर फिरताना तो घासला जातो.

नमुना म्हणून कुठलाही खरा रणगाडा बघायचा असेल तर अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये एक दिवस घालवा. वेल्डिंगच्या रेघा किती जाड, बोल्ट केवढा, चढताना पाय कुठे जातो हे तिथे समजतं. रंगाची छटा मात्र संग्रहालयातून उचलू नका. तिथल्या गाड्या नंतर रंगवलेल्या असतात.

## शेवटची जोडणी

ट्रॅक, मग श्युर्त्सन, अवजारं, तारेचा दोर, सर्वात शेवटी अँटेना. चिकटवताना गोंद बाहेर आला तर पुसू नका, वाळू द्या आणि त्यावर चिमूटभर धूळ टाका. मॉडेल खिडकीपाशी दिवसाउजेडी एकदा फिरवून बघा, ट्यूबलाइटखाली ओघळ नेहमी कमी दिसतात. काचेच्या पेटीत ठेवायला उचलाल तेव्हा टरेटला धरून नाही. तळहात हलच्या पोटाखाली सरकवा आणि बोटं ट्रॅकपासून लांब ठेवा, कारण तिथली माती अजूनही बोटाला लागते.